खिडकीमागचा कारकून : पायथन, वेब आणि शाळा

दहावीचा निकाल लागला की मुले मोबाइलवर आपला बैठक क्रमांक टाकतात, आईचे नाव टाकतात, कळ दाबतात, आणि काही सेकंदांत गुण समोर येतात. 'हे गुणांचे पान आधी कुठे होते?' असा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. बहुतेक मुले 'इंटरनेटवर' असे सांगतील. हे उत्तर चूक नाही, पण 'गहू कुठून येतो? दुकानातून' या जातीचे आहे. खरी गोष्ट अशी, की ते पान कुठेच नव्हते. कळ दाबल्यावर दूरच्या एका संगणकाने क्रमांक वाचला, गुणांच्या साठ्यातून एक ओळ शोधली, कोऱ्या नमुन्यात ती भरली आणि तयार झालेले पान मुलाकडे पाठवले. ज्या आज्ञावलीने हे केले तिला वेब ॲप्लिकेशन म्हणतात.

शिक्षकांचा अशा ॲप्लिकेशनांशी आता रोजचा संबंध आहे. पटसंख्या, हजेरी, पोषण आहार, पगारपत्रके, शिष्यवृत्ती, सारे कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर भरावे लागते. मात्र ही यंत्रणा आतून कशी असते, ती कोणी आणि कशासाठी घडवली, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसे येत नाही. त्यातही एका धाग्याचा इतिहास आम्हांला सांगावासा वाटतो. तो ॲम्स्टरडॅमला सुरू होतो, अमेरिकेतील दोन लहान शहरांतून मुंबईच्या मानखुर्दला येतो, आणि तेथून शाळेच्या संगणक कक्षात. धागा आहे पायथन या संगणक-भाषेचा.

दर गिऱ्हाइकाला नवा कारकून

स्वित्झर्लंडमधील सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली पहिला वेब-सर्व्हर चालवला तेव्हा त्याचे काम भिंतीवरच्या सूचनाफलकासारखे होते. पान लिहून ठेवायचे. ज्याला हवे त्याने यावे, वाचावे, जावे. फलकाला प्रश्न विचारता येत नाही. ती सोय १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणक केंद्रात झाली. तेथील मंडळींनी ठरवले, की काही विशिष्ट पत्त्यांवर मागणी आली तर सर्व्हरने साठवलेले पान न देता एक आज्ञावली चालवावी, आणि ती जे छापील ते पान म्हणून पाठवावे. या पद्धतीला कॉमन गेटवे इंटरफेस, म्हणजे सीजीआय, असे नाव पडले.

म्हणजे सूचनाफलकाच्या जागी आता खिडकी आली आणि खिडकीमागे कारकून बसला. मात्र सीजीआयचा कारकून विचित्र होता. दर गिऱ्हाइकाला नवा कारकून नेमायचा, त्याला कपाटाची किल्ली द्यायची, एक काम करून घ्यायचे आणि लगेच निरोप द्यायचा. पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा नवी नेमणूक! गर्दी कमी असेल तोवर हे चालले. एकाच वेळी शेकडो मागण्या आल्या की नेमणुकांतच संगणकाचा दम निघे.

दुसरी अडचण आज्ञावली लिहिणाऱ्याची. आलेला पत्ता वाचा, फॉर्ममधील रकाने वेगळे करा, माणूस खरा कोण ते तपासा, साठ्यातून माहिती काढा, पान जोडा. प्रत्येक नव्या कामासाठी हीच हमाली पहिल्यापासून. त्यात एखादी गोष्ट विसरली तर धोका. समजा, फॉर्मच्या 'नाव' या रकान्यात कोणी 'सगळी रजिस्टरे जाळून टाका' असे लिहिले आणि कारकुनाने ते नाव न समजता हुकूम समजून अमलात आणले, तर काय होईल? संगणकाच्या जगात हे अगदी असेच होते. साठ्याला द्यायच्या आज्ञेत गिऱ्हाइकाचा मजकूर तसाच चिकटवला, तर त्या मजकुरातील आज्ञाही चालते.

एका वर्गाची तयारी

पायथन ही भाषा नेदरलँड्समधील गुइडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुटीत लिहायला घेतली आणि १९९१ च्या फेब्रुवारीत जगापुढे ठेवली. ॲम्स्टरडॅमच्या गणित व संगणनशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेत ते काम करत. त्याआधी त्याच संस्थेत एबीसी नावाची भाषा घडली होती आणि व्हान रॉसम त्या गटात होते. नवशिक्यांना सहज शिकता यावी हा एबीसीचा हेतू. ती भाषा फार पसरली नाही, पण तिची एक सवय पायथनमध्ये उतरली: ओळी समासातून आत सरकवून लिहिल्या की त्या एका गटाच्या. कंस नकोत, 'इथे संपले' असे शब्द नकोत. शिक्षकाला फळ्यावर मुद्दे आणि पोटमुद्दे लिहिण्याची जी रीत ठाऊक असते तीच ही. साप म्हणून या भाषेचे चित्र काढतात खरे, पण नाव पडले ते मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी नटमंडळींवरून.

पायथन आणि वेब यांची गाठ एका शिक्षकाच्या अडचणीतून पक्की झाली. १९९६ साली जिम फुल्टन यांच्यावर सीजीआयचा वर्ग घेण्याची जबाबदारी आली. पायथनचे ते जाणकार. सीजीआय मात्र त्यांना फारसे येत नव्हते. वर्गाला जाताना प्रवासात त्यांनी मिळेल तेवढे वाचून काढले आणि वर्ग घेतला. परतीच्या प्रवासात, आपण आज जे शिकवले ते इतके गैरसोयीचे का आहे, याचा विचार ते करत राहिले. त्या विचारांतून जे निघाले त्याचे पुढे झोप झाले. (नाव उच्चारायला आपल्याला गमतीचे वाटते, झोपेशी संबंध नाही.) व्हर्जिनियातील फ्रेडरिक्सबर्ग या गावातील त्यांच्या कंपनीने १९९८ साली झोपची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. दुसऱ्यांना शिकवायला बसले की विषयातील गाठी कशा दिसू लागतात, हे शिक्षकांना नव्याने सांगायला नको.

झोपसारख्या साधनाला फ्रेमवर्क म्हणतात. आपण त्याला चौकट म्हणू. सर्व ॲप्लिकेशनांत सारखीच असणारी हमाली चौकट करते. आपल्या कामात जे वेगळे आहे तेवढेच आपण लिहायचे. झोपने आणखी एक धाडस केले. माहिती तक्त्यांत न ठेवता पायथनमधील वस्तू जशाच्या तशा साठवणारे स्वतःचे भांडार त्याने आणले. त्या काळी ते फार सुटसुटीत वाटले. पण त्या भांडारातील माहिती वाचायची तर पायथन आणि झोपची यंत्रणाच हवी, ही अडचण पुढे अनेकांना जाणवली.

मानखुर्द

मुंबईच्या मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ पासून चाललेल्या या केंद्राची ओळख आपल्या वाचकांना ऑलिंपियाड आणि शालेय विज्ञानाच्या पुस्तकांमुळे असेल. येथे नागार्जुन जी. या प्राध्यापकांनी एक वेगळाच प्रश्न हाती घेतला. त्यांचा मूळ अभ्यास विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचा. पाठ्यपुस्तकात ज्ञान एकामागून एक प्रकरणांत मांडलेले असते, पण संकल्पना अशा ओळीने उभ्या नसतात. 'पान' या संकल्पनेला हरितद्रव्य जोडलेले असते, हरितद्रव्याला प्रकाश, प्रकाशाला रंग, आणि रंगाकडून पुन्हा पानाकडे येता येते. हे जाळे संगणकात कसे ठेवावे, आणि शिक्षक व मुले यांनी ते मिळून कसे विणावे?

यासाठी त्यांच्या गटाने नॉसिस नावाची यंत्रणा तयार केली. ती पायथनमध्ये होती आणि झोपच्या आत बसवून चालत असे. मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पात तिचा समावेश झाला. भारतातील सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. त्यानंतर थोड्याच वर्षांत महाराष्ट्रात शिक्षणासाठी पायथनच्या चौकटीवर मूळचे संशोधन होत होते, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. बंगळूर आणि हैदराबादच्या कंपन्यांच्या कथा आपण पुष्कळ वाचल्या. या कामाविषयी मराठीत अधिक लिहिले जायला हवे होते, असे आम्हांला वाटते.

अरुंद रूळ, रुंद रूळ

झोपच्या पाठोपाठ पायथनच्या चौकटींचे पीक आले. क्विक्झोट, वेबवेअर, स्कंकवेब, ट्विस्टेड अशी नावे होती. आणि येथेच घोटाळा झाला. प्रत्येक चौकट ठरावीक सर्व्हरशीच जुळे. चौकट निवडली की सर्व्हर बांधला गेला. सर्व्हर बदलायचा तर ॲप्लिकेशन नव्याने जुळवा.

अंजनगाव सुर्जीच्या वाचकांना ही अडचण चटकन कळेल. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणाऱ्या शकुंतला रेल्वेवरचे अंजनगाव हे एक स्टेशन. वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रजी कंपनीने घातलेल्या या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मूर्तिजापूरला मुंबई–नागपूरचा रुंद मार्ग लागतो. तेथे हे अंतर १६७६ मिलिमीटर. गाडी पुढे जाऊच शकत नाही. अंजनगावला चढवलेल्या गाठी मूर्तिजापूरला उतरवायच्या आणि दुसऱ्या डब्यात भरायच्या. कापूस तोच, जाण्याची जागाही तीच, फक्त रुळांचे माप जुळत नाही म्हणून हमालांची फौज. शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९९४ साली निवृत्त झाले, नंतर काही वर्षे डिझेलवर गाडी चालली, आणि मग तीही थांबली.

पायथनच्या जगाने मापाचा प्रश्न कागदावर सोडवला. फिलिप एबी यांनी डिसेंबर २००३ मध्ये एक मसुदा मांडला. पायथनमधील सुधारणांच्या प्रस्तावांना क्रमांक असतात. याचा क्रमांक ३३३. त्यात ठरले ते इतके थोडे, की वाचून आश्चर्य वाटते. सर्व्हरने ॲप्लिकेशनच्या हाती दोन गोष्टी द्यायच्या. एक, आलेल्या मागणीचा सर्व तपशील भरलेला कोश. दोन, उत्तराचा मथळा कळवण्यासाठी एक साधन. ॲप्लिकेशनने मजकूर परत करायचा. संपले. या कराराला थोडक्यात डब्ल्यूएसजीआय म्हणतात. यानंतर कोणतीही चौकट कोणत्याही सर्व्हरवर चालू लागली. पायथन ३ साठी याच कराराची सुधारलेली प्रत २०१० साली निघाली आणि तिला मुद्दाम ३३३३ हा क्रमांक दिला.

वर्तमानपत्रातली चौकट

ज्या वर्षी एबींनी मसुदा लिहिला त्याच वर्षी, २००३ मध्ये, अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या लॉरेन्स या गावी एका स्थानिक वर्तमानपत्राच्या कचेरीत दोन तरुण वैतागले होते. पत्राचे नाव लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड; तरुण एड्रियन होलोवाटी आणि इंग्लंडहून आलेला सायमन विलिसन. गावची निवडणूक, शाळांचे सामने, गाण्यांचे कार्यक्रम, प्रत्येकासाठी नवी वेब-यंत्रणा हवी आणि ती छपाईच्या घाईने, काही तासांत किंवा दिवसांत हवी. आधीची कामे दुसऱ्या भाषेत होती आणि ती सांभाळणे कठीण झाले होते. त्यांनी पायथन घेतले. प्रत्येक कामात पुन्हा पुन्हा येणारा भाग वेगळा काढत गेले, आणि त्यातून जी चौकट उरली ती जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिचे नाव जँगो. जँगो राइनहार्ट हा गिटारवादक. आगीत भाजून डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाल्यावरही त्याने नवी वादनपद्धती बसवली. त्याच्यावरून हे नाव.

जँगोची रचना शाळेच्या कार्यालयाच्या भाषेत सांगता येते. जनरल रजिस्टरला कोणते रकाने आहेत, हे एकदा लिहायचे. त्यावरून तक्ते जँगो स्वतः तयार करते. कोणत्या पत्त्यावर कोणते काम, याची यादी लिहायची, जशी कार्यालयाबाहेर 'दाखले येथे मिळतील' ही पाटी असते. बोनाफाइड दाखल्याचा कोरा नमुना लिहायचा, ज्यात नाव आणि इयत्ता यांच्या जागा मोकळ्या आहेत. आणि उरला कारकून: मागणी वाचणारा, रजिस्टर उघडणारा, नमुना भरणारा. तो पायथनचा दहा-बारा ओळींचा तुकडा असतो. रकान्यात आलेला मजकूर हुकूम समजायचा नाही, ही शिस्त चौकटीतच बांधलेली असते, त्यामुळे नवशिक्याच्या हातूनही ती सहसा मोडत नाही.

जँगोला बातमीदारांचा शेजार लाभल्याचा आणखी एक फायदा झाला. संपादक मंडळींना आज्ञावली लिहिता येत नव्हती, पण मजकूर भरायचा होता. म्हणून रकाने लिहिताच माहिती भरण्याचे, दुरुस्त करण्याचे, शोधण्याचे पडदे आपोआप तयार व्हावेत, अशी सोय पहिल्यापासून होती. शिक्षकांना हीच सोय सर्वांत आधी आवडते, असा आमचा अनुभव आहे.

ऑस्ट्रियाच्या आर्मिन रोनाखर यांनी २०१० च्या एप्रिल फूलच्या दिवशी थट्टा म्हणून एक चिमुकली चौकट लिहिली. थट्टा लोकांना इतकी पटली, की त्याच महिन्यात तिची खरी आवृत्ती काढावी लागली. ती फ्लास्क. जँगोत बरेच काही हाती दिलेले असते. फ्लास्कमध्ये हवे ते आपण जोडायचे.

'सुर्जी'त अक्षरे किती?

आता आपल्या जिव्हाळ्याच्या प्रश्नाकडे येऊ. 'सुर्जी' या शब्दात अक्षरे किती? तिसरीतला मुलगाही सांगेल, दोन. पायथन ३ ला विचारले तर ते सहा सांगते: स, उकार, र, हलन्त, ज, ईकार. आणि जुन्या पायथन २ ला साध्या मजकुराची लांबी विचारली, तर उत्तर येई अठरा!

तिन्ही उत्तरांना कारण आहे. संगणक सुटी चिन्हे मोजतो. देवनागरीची ही चिन्हे युनिकोड या जागतिक संकेतात १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत, आणि त्यांची मांडणी भारतीय इस्की संकेतावरून घेतली आहे. या कामात पुण्याच्या सी-डॅकचा मोठा वाटा. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे जिस्ट तंत्रज्ञान पुढे याच संस्थेत वाढले. युनिकोडमध्ये 'सुर्जी'ची चिन्हे सहा. ती तारेवरून पाठवताना यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. सहा त्रिक अठरा. पायथन २ डोळे मिटून बाइट मोजत असे.

हा नुसता मोजणीचा वाद नव्हता. इंग्रजी नावे असलेला फॉर्म सुरळीत चाले आणि पहिले मराठी नाव आले की ॲप्लिकेशन कोलमडे, कारण कुठेतरी बाइटना इंग्रजी अक्षरे समजून उलगडण्याचा प्रयत्न होई. भारतातील अनेकांनी यावर उपाय म्हणून नावे रोमन लिपीत भरायला सांगितले, आणि ती सवय अजून गेलेली नाही. त्या काळी मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळे आपापला फॉन्ट वापरत आणि तो आधी उतरवून घ्या म्हणत. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती निरर्थक रोमन अक्षरे. असा मजकूर शोधता येत नाही, क्रमाने लावता येत नाही.

जँगोने २००७ साली आपला सर्व अंतर्गत व्यवहार युनिकोडवर नेला. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आले आणि त्यात मजकूर म्हणजे युनिकोडच, असा नियम झाला. एवढेच नव्हे, तर पायथन ३ मध्ये चलाला 'हजेरी' किंवा 'गुण' असे देवनागरी नावही देता येते. पण जुन्या आज्ञावल्या या नव्या नियमाने चालेनात. जगभर लोकांनी दुरुस्तीला बारा वर्षे घेतली. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला काढून घेतला गेला. झोप तर २०१९ सालच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत पायथन ३ वर आलेच नव्हते. मानखुर्दच्या गटाने फार आधीच वाट बदलली होती. त्यांनी नॉसिस जँगोवर नव्याने लिहिले आणि साठ्यासाठी मोंगोडीबी घेतले.

तरीही मराठीचे सगळे प्रश्न सुटलेले नाहीत. 'अंजनगाव' आणि 'अंजनगांव' ही संगणकाला दोन गावे वाटतात. इतिहासात ३० डिसेंबर १८०३ चा दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातील तह 'सुर्जी-अंजनगावचा' म्हणून शिकवतात, तालुक्याचे नाव 'अंजनगाव सुर्जी', आणि रेल्वेला नुसते 'अंजनगाव' पुरे. माणूस हे तिन्ही एक धरतो. संगणकाला गावासाठी वेगळा क्रमांक द्यावा लागतो. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली. त्याआधी ते 'अ' आणि वरचा चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहीत. दोन्ही रीतींनी लिहिलेला 'ॲप' हा शब्द कागदावर हुबेहूब दिसतो, शोधताना मात्र एक सापडतो, दुसरा नाही. आणि हजेरीपट वर्णक्रमाने लावायला सांगा: क्षितिजा 'क'च्या मुलींत जाऊन बसते, ज्ञानेश्वर 'ज'च्या मुलांत, आणि 'ळ' हे अक्षर 'ह'च्या पुढे न येता 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये येते. चिन्हांच्या क्रमांकांचा क्रम आणि आपल्या वर्णमालेचा क्रम एक नाही. योग्य क्रमाचा नियम वेगळा शिकवावा लागतो. संगणकाच्या तासाला आणि मराठीच्या तासालाही हा प्रयोग करण्यासारखा आहे.

सर्व्हर कुठे ठेवायचा?

ॲप्लिकेशन लिहिणे ही अर्धी गोष्ट. ते कुठेतरी रात्रंदिवस चालू राहिले पाहिजे. शिकताना जँगोसोबत एक छोटा सर्व्हर मिळतो, एका आज्ञेत सुरू होतो. तो फक्त सरावासाठी आहे, असे जँगोचे कर्तेच बजावतात. खऱ्या वापरात दोघे लागतात. दारात एक द्वारपाल, बहुधा एनजिनएक्स किंवा अपाचे. तो गर्दी आवरतो, चित्रांसारखे तयार सामान स्वतःच देतो. त्याच्या मागे पायथन चालवणारा, आधीच नेमून ठेवलेल्या कारकुनांचा गट. दर गिऱ्हाइकाला नेमणूक आता होत नाही. चार-पाच कारकून कायम बसलेले असतात.

भाड्याच्या स्वस्त जागेवर ही व्यवस्था बसवणे बराच काळ कठीण होते. पीएचपी या भाषेची फाइल नुसती चढवली की चालत असे; पायथनला सतत चालणारी प्रक्रिया लागे, आणि स्वस्त जागेत ती परवानगी नसे. आपल्याकडच्या महाविद्यालयांत आणि छोट्या कंपन्यांत पीएचपी इतके रुजले त्याचे मोठे कारण हे. २००८ साली गूगलने ॲप इंजिन काढले तेव्हा आरंभी त्यावर फक्त पायथन चालत असे, आणि थोडा वापर विनामूल्य होता. तेव्हापासून ही अडचण ओसरू लागली.

पण दूरच्या सर्व्हरपर्यंत पोचण्यासाठी जोडणी हवी. ज्या शाळेत ती धड नाही तिचे काय? याचे उत्तर पुन्हा मुंबईकडून आले. टाटा समाजविज्ञान संस्था, अमेरिकेतील एमआयटी आणि टाटा ट्रस्ट यांनी सरकारी माध्यमिक शाळांसाठी क्लिक्स हा उपक्रम हाती घेतला. राजस्थान, छत्तीसगड, तेलंगण आणि मिझोरम ही त्याची राज्ये. त्याचा मंच मानखुर्दच्या त्याच जँगोवरच्या नॉसिसमधून घडला. सर्व्हर शाळेच्या संगणक कक्षातच ठेवलेला असे आणि मुलांचे संगणक त्याला खोलीतल्या खोलीत जोडलेले. इंटरनेट नसले तरी गणिताचे, विज्ञानाचे, इंग्रजीचे धडे चालत, मुलांनी लिहिलेले जतन होई. या उपक्रमाला युनेस्कोचा २०१७ सालचा किंग हमाद पुरस्कार मिळाला. वेब म्हटले की इंटरनेट, ही आपली समजूत येथे गळून पडते. वेब ही बोलण्याची रीत आहे. दोन संगणक एका तारेने जोडले तरी ती चालते.

पवईच्या आयआयटीतही पायथनची चौकट अध्यापनाच्या कामी लागली. तेथील विमानविद्या विभागाचे प्रभू रामचंद्रन यांनी आणि फॉसी प्रकल्पाच्या गटाने जँगोवर यक्ष नावाची परीक्षायंत्रणा उभारली. महाभारतातला यक्ष प्रश्न विचारतो, हाही विचारतो. उत्तर म्हणून विद्यार्थ्याने लिहिलेली आज्ञावली तो लगेच चालवून तपासतो. अनोळखी माणसाची आज्ञावली स्वतःच्या सर्व्हरवर चालवणे म्हणजे विस्तवाशी खेळ. म्हणून ती बंदिस्त जागेत, मोजक्या अधिकारांनिशी चालते आणि ठरावीक वेळेत संपली नाही तर थांबवली जाते. याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पायथनवरील पाठ मराठी आवाजातही आहेत.

मुंबईने स्वतःची एक चौकटही जगाला दिली. ऋषभ मेहता हे अभियंते घरच्या फर्निचरच्या व्यवसायासाठी हिशेबाची आणि साठ्याची यंत्रणा बसवू पाहत होते. तयार मिळणाऱ्या यंत्रणा महाग आणि अवजड. त्यांनी स्वतःची लिहिली, ती ईआरपीनेक्स्ट. आणि तिच्या तळाशी तयार झालेली पायथनची चौकट म्हणजे फ्रॅपे. फ्रॅपेत फॉर्मची रचना हीच माहिती म्हणून साठवली जाते: रकाने पडद्यावर बसून ठरवायचे, तक्ता आणि फॉर्म आपोआप तयार. प्रवेश, हजेरी, शुल्क यांसाठीचा शिक्षणाचा भागही तिच्यावर झाला आहे. दोन्हींचा उगम खुला आहे. कोणालाही उघडून वाचता येतो.

उघडून वाचता येणे, या गोष्टीला शाळेच्या दृष्टीने फार किंमत आहे. आपण भरलेली माहिती कोणत्या रकान्यात गेली, कोणी पाहिली, बाहेर कशी काढायची, हे ज्या यंत्रणेत कळत नाही तिच्यात शिक्षक केवळ माहिती भरणारा उरतो. कारकून खिडकीमागे, शिक्षक कायम खिडकीपुढे.

मागची बाजू पाहायला फार साधने लागत नाहीत. शाळेत पडून असलेला एखादा जुना संगणक, त्यावर विनामूल्य लिनक्स, आणि पायथन. तोही नसेल तर २०१२ साली निघालेला तळहाताएवढा रास्पबेरी पाय चालतो. त्याच्या नावातील 'पाय' पायथनवरूनच आला आहे. नववी-दहावीच्या चार-पाच मुलांना घेऊन ग्रंथालयाचे रजिस्टर घ्यावे. पुस्तक, लेखक, दाखल क्रमांक, कोणी नेले, कधी परत. आधी रकाने कागदावर ठरवावेत, आणि मुलांना भांडू द्यावे: एका पुस्तकाच्या तीन प्रती म्हणजे एक नोंद की तीन? लेखक दोन असतील तर? या भांडणात निम्मे संगणकशास्त्र येते. मग जँगोवर तेच रकाने, आणि खोलीतल्या खोलीत जोडलेला सर्व्हर. रोज शाळा सुटताना साठ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी.

मुलांचे आधार क्रमांक, जात, घरचे पत्ते यांना मात्र या सरावात हात लावू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. आणि कायदा नसता तरी, शिकाऊ हातांनी बांधलेल्या खिडकीमागे जनरल रजिस्टर उघडे ठेवायचे नसते. पुस्तकांची यादी चुकली तर फार तर एखादी कादंबरी दोनदा नोंदली जाईल.